वजन कधीपासून वाढतंय, ते आधी सांगा

"इतकं सांभाळूनही कारण नसताना वजन का वाढतंय?" हा तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला काय समजलं ते आधी थोडक्यात मांडते, काही चुकत असेल तर दुरुस्त करा. वय ४३, उंची १५५ सेंटिमीटर. दीड वर्षापूर्वी वजन ५८ किलो होतं, आज ६५ आहे. रोज सकाळी पाऊण तास चालता, आठवड्यातून दोनदा योगवर्गाला जाता. बाहेरचं खाणं नाही, साखर बंद करून गूळ आणलात, दोन पोळ्यांवर तिसरी घेत नाही. थायरॉइडच्या तपासणीतला टीएसएच ६.२ आला, बाकी रिपोर्ट 'नॉर्मल'. जिमचा ट्रेनर म्हणतो भात-पोळी बंद करा, मैत्रीण म्हणते पाळी जायच्या आधी असंच होतं, आणि घरातले म्हणतात की चोरून काहीतरी खात असशील. शेवटी जाता जाता तुम्ही दोन वाक्यं टाकली आहेत. "फोर्टमधून बदली डोंबिवलीच्याच शाखेत झाली, त्यामुळे आता व्यायामाला वेळ मिळतो." आणि, "अर्धशिशीची रात्रीची एक गोळी सोडली तर कुठलंही औषध नाही."

अख्ख्या प्रश्नात मला ही दोन वाक्यंच सर्वांत महत्त्वाची वाटली.

मी फिजिशियन आहे, सांगलीत २६ वर्षं प्रॅक्टिस करते. "डॉक्टर, मी काही खात नाही तरी वजन वाढतंय" हे वाक्य आठवड्यातून चार-पाच वेळा तरी कानावर पडतं. सुरुवातीची काही वर्षं मी लगेच विचारायची, "काय काय खाता?" त्यावर समोरची बाई आरोपीसारखी उत्तरं द्यायची आणि मी फिर्यादीसारखी ऐकायची. त्यातून कधी काही निष्पन्न झालं नाही. आता मी आधी विचारते, "कधीपासून?" कागदावर एक आडवी रेघ मारते, डाव्या टोकाला दोन वर्षांपूर्वीचं वजन, उजव्या टोकाला आजचं, आणि मधल्या काळात काय काय घडलं ते तिलाच भरायला सांगते. बदली, घर बदललं, लिफ्टच्या इमारतीत गेलो, मुलीची दहावी, सासूबाईंचं आजारपण, स्वयंपाकाला बाई ठेवली, पाळी मागेपुढे व्हायला लागली, कुठली गोळी चालू झाली, कुठली बंद झाली. वजनाची नोंद नसेल तर लग्नकार्यातले फोटो चालतात. ब्लाउज कुठल्या समारंभाच्या वेळी उसवावा लागला, हे तर बायकांना महिन्यासकट आठवतं. वजन वाढायला लागल्याची तारीख आणि आयुष्यातल्या बदलाची तारीख शेजारी शेजारी आली की निम्मं कोडं सुटतं. सगळं सुटतं असं नाही, पण 'कारण नसताना' हे दोन शब्द बहुतेक वेळा खोडावे लागतात.

तुमची रेघ मी इथून काढू शकत नाही. गोळीचं नाव तुम्ही दिलेलं नाही, ती कधी सुरू झाली तेही नाही. पण अर्धशिशीचे झटके येऊ नयेत म्हणून रात्री घ्यायच्या ज्या गोळ्या आपल्याकडे सर्रास दिल्या जातात, त्यातल्या बऱ्याच वजन वाढवतात. फ्लुनारिझिनने झोप येते आणि भूक वाढते. अ‍ॅमिट्रिप्टिलिनचंही तसंच. सोडियम व्हॅल्प्रोएटने तर चांगलंच वजन वाढतं. प्रोप्रॅनोलॉलने थोडंफार. गंमत अशी की याच कामाची टोपिरामेट नावाची गोळी भूक मारते आणि वजन कमी करते. तिचे स्वतःचे वेगळे त्रास आहेत, आणि गर्भ राहण्याची शक्यता असेल तर ती टाळतात. व्हॅल्प्रोएट तर त्याहून कटाक्षाने.

यातली भूक 'भूक' म्हणून जाणवत नाही, हे लक्षात घ्या. गोळी घेणारी बाई सांगते, मी पूर्वीइतकंच जेवते. तिच्या दृष्टीने ते खरंच असतं. फक्त पोट भरल्याची जाणीव दोन घास उशिरा होते आणि दुपारी चारला काहीतरी तोंडात टाकावंसं वाटतं. माझ्याकडे एक शिक्षिका यायच्या. आठ महिन्यांत सहा किलो वाढल्या होत्या. फ्लुनारिझिन सहा महिन्यांसाठी लिहून दिलं होतं आणि त्या जुन्याच चिठ्ठीवर सव्वा वर्ष घेत होत्या, कारण डोकं दुखायचं थांबलं होतं. ही गोळी ठरावीक महिन्यांनी थांबवून पाहायची असते. वर्षानुवर्षं घेत राहायची नसते, कारण काहींना तिच्याने उदासी येते, हात थरथरतात. त्यांच्या मेंदूविकारतज्ज्ञांशी बोलून ती बंद केली. पुढच्या सहा महिन्यांत चार किलो उतरले, व्यायामात काडीचा बदल न करता.

पण एवढ्यावरून उद्याच गोळी बंद करू नका. प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी एकदम तोडली तर छातीत धडधड होण्यापासून बरंच काही होऊ शकतं, आणि अर्धशिशी परत उसळली तर व्यायामही जाईल. डॉक्टरांना सरळ विचारा: हिच्याने वजन वाढतं का, अजून किती दिवस लागेल, दुसरी देता येईल का? एवढं विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे.

औषधांबद्दल बोलतेच आहे तर आणखी थोडं. "कुठलं औषध नाही" असं सांगणाऱ्या बायकांच्या पर्समधून मी काय काय बाहेर काढलंय! सर्दीसाठी रोज एक सेटिरिझिन. भूक लागावी म्हणून मुलाला आणलेलं आणि मग स्वतःही घेतलेलं सायप्रोहेप्टाडिनचं सिरप. गुडघेदुखीवरची बिननावाची पुडी, जिच्यात बहुतेक वेळा स्टेरॉइड असतं. "दोन दिवसांत दुखणं गायब" म्हटलं की माझ्या मनात पहिली शंका तीच येते. चेहरा गोल, पोट मोठं, हातपाय बारीक, जरा लागलं की काळंनिळं, खाली बसल्यावर उठताना मांड्यांत जोर नाही, पोटावर बोटभर रुंद जांभळे चट्टे, असं चित्र असेल तर मी आहाराबद्दल बोलतच नाही, आधी पुडी मागते. मधुमेहाच्या काही गोळ्या, इन्सुलिन, मानसिक आजारावरची काही औषधं, तीन महिन्यांचं गर्भनिरोधक इंजेक्शन, ही सगळी याच यादीत येतात. रोजच्या गर्भनिरोधक गोळ्यांना मात्र उगाच बदनाम केलंय. त्यांच्यामुळे फार वजन वाढतं असं अभ्यासांतून दिसत नाही.

आता बदली. हे वाचून तुम्ही हसाल कदाचित. मी शिकत असताना तीन वर्षं कल्याणहून लोकलने ये-जा केली आहे, त्यामुळे डोंबिवली-फोर्ट म्हणजे काय ते मला सांगायला नको. घरापासून स्टेशन चालत, पूल चढा-उतरा, लेडीज डब्यात तास-सव्वा तास बहुधा उभ्याने, मग सीएसएमटीपासून शाखेपर्यंत भराभर चाल. संध्याकाळी हेच उलट. त्याला कुणी व्यायाम म्हणत नाही, सगळे 'दगदग' म्हणतात. ती दगदग गेली, आता पाच मिनिटांची स्कूटी आहे. तुम्ही रोज पाऊण तास चालायला लागलात ते छानच झालं, पण हिशोबात बघा: कदाचित जे गेलं ते पुरतं भरूनही आलेलं नाही. साठ-पासष्ट किलोच्या बाईने पाऊण तास बऱ्यापैकी वेगाने चाललं तर बसून राहण्याच्या मानाने सव्वाशेच्या आसपास कॅलरी जास्त खर्च होतात. तेल लावलेल्या एका पोळीएवढ्या. चालण्याचे फायदे पुष्कळ आहेत. रक्तदाब, साखर, झोप, मन, सगळ्याला ते चांगलं आहे. पण वजन उतरवण्याचं काम फक्त चालण्याकडून होईल, ही अपेक्षा मी रुग्णांच्या मनातून पहिल्याच भेटीत काढून टाकते, नाहीतर तीन महिन्यांनी चालणंच बंद होतं.

सात किलोंचा हिशोबही करून बघू. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी. सात किलो, साडेपाचशे दिवस. भागाकार केला की रोजच्या जेमतेम शंभर कॅलरी येतात. शरीर इतकं सरळ गणित करत नाही. वजन वाढलं की खर्चही वाढतो, त्यामुळे खरा फरक याहून जास्त असतो. पण आकडा कोणत्या घरातला आहे ते कळावं म्हणून सांगितलं. शंभर कॅलरी म्हणजे एक मोठा चमचा तेलही नाही. एवढा फरक जिभेला कळत नाही आणि पोटालाही कळत नाही. तो 'चोरून खाल्ल्याने' होतो असं म्हणणाऱ्यांनी एक आठवडा स्वतःचं खाणं मोजून दाखवावं.

या चोरीच्या आरोपाबद्दल मला जरा राग आहे, म्हणून थोडं थांबते. १९९२ साली न्यूयॉर्कमधला एक अभ्यास 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. १२०० कॅलरींच्या आत खाऊनही वजन उतरत नाही असं सांगणाऱ्या लठ्ठ व्यक्तींचा खरा खर्च आणि खरा आहार मोजला. त्यांचा चयापचय ठीक निघाला. त्यांनी लिहिलेलं खाणं मात्र प्रत्यक्षापेक्षा सरासरी ४७ टक्के कमी होतं, आणि लिहिलेली हालचाल ५१ टक्के जास्त. हा अभ्यास दाखवून बरेच डॉक्टर रुग्णांना खोटं ठरवतात. मी त्यातून उलटं शिकले. पुढे आहारतज्ज्ञ स्त्रियांवर असाच प्रयोग झाला, तेव्हा त्यांचीही नोंद कमीच भरली. ज्यांचा हा धंदा त्यांनाही अंदाज येत नाही, तिथे शाखेत खातेदार सांभाळून घरी येणाऱ्या बाईला यावा कसा? हा अंदाजाचा दोष आहे, त्यात खोटेपणा शोधू नये.

आपल्या घरांत तर अंदाज चुकायला वाव फार. आमटीची चव बघितली, मुलाच्या ताटातली अर्धी पोळी टाकवली नाही, कूट करताना शेंगदाणे तोंडात गेले, देवापुढचा प्रसाद नाकारता येत नाही. कुठलंच 'जेवण' नाही, त्यामुळे कशाचीच नोंद नाही. आणि 'चांगलं खाणं' हे 'कमी खाणं' नसतं, ही दुसरी गफलत. गुळात आणि साखरेत कॅलरीच्या दृष्टीने डावं-उजवं करण्यासारखं काही नाही. शेंगदाणे उत्तम, पण मूठभर म्हणजे पावणेदोनशे कॅलरी. खजूर, डिंकाचा लाडू, तुपावर परतलेले मखाणे, सकाळचं मध-लिंबू, सगळं पौष्टिक आणि सगळं मोजणीत येणारं. उपवासाचं तर बोलूच नका. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, त्यात कूट आणि तूप. संकष्टीच्या दिवशी माझ्या अनेक पेशंट एरवीपेक्षा जास्त खातात आणि रात्री चंद्रोदयानंतर मोदक असतातच. मीही खाते. फक्त त्या दिवसाला 'कमी खाण्याचा दिवस' म्हणत नाही.

तेलासाठी माझी एक जुनी युक्ती आहे. भाजीत किती तेल घालता हे मी विचारत नाही, सगळ्या "अगदी थोडं" म्हणतात. मी विचारते, महिन्याला तेल किती आणता आणि खाणारी माणसं किती? चौघांच्या घरात पाच लिटरचा कॅन महिनाभरात संपत असेल, तर माणशी रोज ३८ ग्रॅम तेल झालं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत २००० कॅलरींच्या दिवसाच्या ताटात तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरलंय. म्हणजे तूप न धरताच अकरा ग्रॅम जास्त, शंभर कॅलरी. तोच आकडा, जो आपण मघाशी शोधत होतो. तुमच्या घरात हेच आहे असं मी म्हणत नाही. किराण्याची यादी काढा आणि भागाकार करा, दोन मिनिटांचं काम आहे.

मैत्रिणीचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. चाळिशीत 'मेटाबॉलिझम मंदावतो' असं सगळे म्हणतात, पण २०२१ मध्ये 'सायन्स'मध्ये २९ देशांतल्या सहा हजारांहून जास्त लोकांची मोजमापं प्रसिद्ध झाली, त्यात वीस ते साठ वयात, शरीराचा आकार आणि घडण लक्षात घेतली तर, चयापचय जवळपास स्थिर दिसला. म्हणजे भट्टी तीच आहे. बदलतं ते दुसरंच. पाळी जायच्या आधीच्या काही वर्षांत चरबी साठण्याचा वेग वाढतो, स्नायू हळूहळू कमी होतात आणि चरबी मांड्या-नितंबांवरून पोटाकडे सरकते. स्त्रियांना वर्षानुवर्षं तपासत राहिलेल्या अमेरिकेतल्या 'स्वॅन' अभ्यासात हे स्पष्ट दिसलं. तिथेच हेही दिसलं की काट्यावरचं वजन मात्र त्या टप्प्यावर एकदम उसळत नाही, आधीच्याच गतीने वर्षाला अर्धा-पाऊण किलोने वाढत राहतं. तेव्हा पोट सुटणं, झोपमोड, रात्री अंग गरम होऊन घाम येणं हे त्या खात्यावर टाका. दीड वर्षात सात किलो सगळेच्या सगळे त्या खात्यावर टाकू नका. आपल्याकडे सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमारास पाळी थांबते, त्यामुळे तुमच्या वयात चक्र पुढेमागे होणं अगदी शक्य आहे. ते तुम्ही लिहिलेलं नाही. आणि पाळी चुकलीच असेल तर थोडं अवघड वाटलं तरी लघवीची गर्भतपासणी आधी करा. 'मेनोपॉजचं पोट' म्हणून आलेल्या एका बाईला मी अठरा आठवड्यांची बातमी दिली आहे. तिची मोठी मुलगी कॉलेजात होती.

आता टीएसएच ६.२. हा आकडा बघून तुम्हाला वाटलं असणार, सापडलं! मलाही आवडलं असतं. पण थायरॉइडने वाढणारं वजन मुळात फार नसतं. ग्रंथी चांगलीच मंदावली तरी साधारण दोन ते पाच किलो, आणि त्यातही बराच भाग पाणी आणि मीठ साठल्याचा. टीएसएच साडेचार ते दहाच्या मध्ये आणि फ्री टी-४ (थायरॉइडचं संप्रेरक) ठीक असेल तर त्याला सौम्य, न उघडलेला आजार म्हणतात. तिथे गोळी दिल्याने वजन उतरतं असा अनुभव नाही, मला नाही आणि अभ्यासांतही नाही. कित्येकदा हा आकडा आपोआप खालीही येतो. म्हणून दोन-तीन महिन्यांनी टीएसएच, फ्री टी-४ आणि अँटी-टीपीओ (थायरॉइडविरुद्धची प्रतिपिंडं) परत करा. केसांसाठी बायोटिनची कॅप्सूल घेत असाल तर तपासणीआधी दोन-तीन दिवस बंद ठेवा, तिच्यामुळे काही यंत्रांवर आकडे भलतेच येतात. अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह असेल, गर्भधारणेचा विचार असेल, टीएसएच दहाच्या वर गेला किंवा थकवा, बद्धकोष्ठता, थंडी असा त्रास खरोखर असेल, तर गोळीचा विचार निराळा. ती वजनासाठी नव्हे, थायरॉइडसाठी.

पाळी लहानपणापासूनच अनियमित, हनुवटीवर राठ केस, मानेवर काळपट मखमली पट्टा असं काही असेल तर पीसीओएस (बीजकोश आणि संप्रेरकांचा विकार) आणि इन्सुलिनचा प्रश्न वेगळा बघावा लागेल. तुमच्या लिहिण्यात तसं काही नाही, म्हणून तिकडे जात नाही. झोपेचाही वजनाशी संबंध असतो, म्हणून घोरता का हे मात्र घरच्यांना विचारा, आणि सकाळी उठल्यावर झोप पुरी झाल्यासारखं वाटतं का ते स्वतः बघा.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही, कारण ती माझी चूक आहे. प्रॅक्टिसच्या चौथ्या-पाचव्या वर्षी एक ५१ वर्षांच्या बाई आल्या. पोट वाढतंय, जेवण जात नाही, वजन तीन किलोंनी वाढलंय. मी पाळी थांबल्याचं कारण सांगितलं, चालायला सांगितलं, दोन महिन्यांनी बोलावलं. त्या दुसऱ्यांदा आल्या तेव्हा सहज म्हणाल्या, "बघा ना, ब्लाउजचे हात सैल झालेत आणि परकराची नाडी पुरत नाही." त्या वाक्याने मी चपापले. पोटावर हात ठेवला, सोनोग्राफी केली. पोटात पाणी होतं, बीजकोशात गाठ. दोन महिने मी त्यांना चालायला लावलं होतं. तेव्हापासून 'वजन वाढलंय' म्हणणाऱ्या प्रत्येक बाईला मी विचारते: वाढलंय कुठे? सगळीकडे सारखं असेल तर बहुधा चरबी. पोट वाढतंय आणि दंड, मांड्या, चेहरा उतरतोय, दोन घासांत पोट भरतंय, सतत फुगल्यासारखं वाटतंय, तर महिनाभर वाट बघायची नाही, सोनोग्राफी. पायावर बोट दाबलं की खड्डा राहतो, लघवीला फेस येतो, आडवं झालं की धाप लागते, किंवा आठवड्याभरात दोन-तीन किलो वाढले, तर ते पाणी आहे. मूत्रपिंड, हृदय, यकृत बघायला हवं. तिथे डाएटचा काही संबंध नाही.

तुमचं दीड वर्षात सावकाश वाढलेलं आहे, म्हणून मला तशी धास्ती वाटत नाही. पण आरशासमोर उभं राहून ते एकदा तपासाच.

ट्रेनरच्या सल्ल्याबद्दल. भात-पोळी बंद केली की पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो उतरतील आणि तो तुम्हाला टाळी देईल. शरीरात साठवलेल्या प्रत्येक ग्रॅम पिष्टासोबत साधारण तीन ग्रॅम पाणी असतं. ते पिष्ट संपलं की पाणी जातं, पोळी परत सुरू केली की परत येतं. काहींना कमी पिष्टाचा आहार मानवतो, मी विरोधात नाही. पण ज्या घरात सगळ्यांसाठी पोळ्या तुम्हीच लाटता, तिथे तो किती दिवस टिकेल याचा विचार करूनच ठरवा. मी त्यापेक्षा प्रथिनांकडे बघते. आपल्या शाकाहारी ताटात तीच कमी पडतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) शिफारशीप्रमाणे किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे तुम्हाला रोज पन्नास-पंचावन्न. वाटीभर वरणात पाच-सहा ग्रॅमच येतात, एका अंड्यात सहा, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठरा. पातळ वरणावर विसंबून पन्नास गाठणं कठीण. मोड आलेली मटकी, घट्ट डाळ, दही, सोयाबीन, अंडी-मासे चालत असतील तर ते, असं दोन्ही जेवणांत आणा. प्रथिनं पोटात जास्त वेळ टिकतात, चारची भूक आवरते.

आणि ट्रेनरकडे जाताच आहात तर त्याच्याकडून आहाराऐवजी वजनं उचलायला शिका. आठवड्यातून दोन दिवस. स्नायू टिकवायचे तर ओझं हवं, ते काम नुसत्या चालण्याने होत नाही. बैठका, भिंतीला टेकून दंड, रबरी पट्टे, काहीही चालेल. सुरुवातीला दुखरे स्नायू पाणी धरून ठेवतात, त्यामुळे काटा किलोभर वर जाईल. घाबरू नका. पण "वाढलेले सात किलो स्नायूच असतील" असं कुणी म्हणालं तर विश्वासही ठेवू नका. चाळिशीतल्या बाईला महिन्याला पाव किलो स्नायू कमवायलाही घाम गाळावा लागतो.

काट्याबद्दल तेवढंच: सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, त्याच काट्यावर, रोज. आकडा बघून लगेच काही ठरवायचं नाही, आठवड्याची सरासरी काढायची. पाळीच्या आधी एक-दोन किलो इकडे-तिकडे होतातच, आदल्या रात्री लोणचं-पापड झाला तरी होतात. सोबत कंबर मोजा, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध. आपल्याकडच्या स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही धोक्याची खूण. बीएमआयसुद्धा (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) आपल्याला २३ पासूनच जास्त धरतात, त्या हिशोबाने ५८ किलोला तुमचा २४ होता आणि आता २७ आहे. म्हणजे तेव्हाही अगदी काठावर नव्हता, जरा पलीकडेच होता. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट'ने छापला होता. दोघांचा बीएमआय २२.३, अगदी सारखा. अंगातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. आपण बारीक दिसूनही आतून तसे नसतो, हे रुग्णांना पटवायला मला त्या फोटोइतकं काही उपयोगी पडलेलं नाही.

तपासण्या म्हणाल तर उपाशीपोटी साखर आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), हिमोग्राम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), लघवी, लिपिड (रक्तातली चरबी), यकृत, आणि वर सांगितलेला थायरॉइड. यातल्या बहुतेक तुमच्या 'नॉर्मल'मध्ये झालेल्याही असतील. नव्वद तपासण्यांचं पॅकेज नको. सहज म्हणून केलेला कॉर्टिसोल (ताणाचं संप्रेरक) नको, त्यातून फक्त धास्ती वाढते. एफएसएच या संप्रेरकाच्या एका तपासणीवरून पाळी जायला आली की नाही ते या वयात ठरत नाही. 'कुठला पदार्थ तुम्हाला सोसत नाही' हे रक्तावरून सांगणारी महागडी पॅनेल तर अजिबात नको. वजन उतरवण्यासाठी २०२५ पासून आपल्याकडे मिळणाऱ्या, आठवड्यातून एकदा घ्यायच्या इंजेक्शनांबद्दल हल्ली प्रत्येक जण विचारतं. ती काम करतात, काहींना मी देतेही. पण वजन वाढवणारी गोळी एका हाताने चालू ठेवून दुसऱ्या हाताने हजारोंचं इंजेक्शन टोचायचं, हे मला पटत नाही.

तेव्हा माझा क्रम असा राहील. आधी रेघ काढा: गोळी कधी सुरू झाली, बदली कधी झाली, वजन कुठल्या महिन्यापासून चढायला लागलं. मग दोन आठवडे जे तोंडात जाईल ते लिहा, घासभर असेल तरी, आणि काही बदलू नका. बदललंत तर मला खरं कळणार नाही. तेलाचा भागाकार करा. हे कागद घेऊन गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांकडे जा. गोळी आधी आणि वजन नंतर अशी तारीख निघाली तर बाकी सगळ्याच्या आधी तिचा निकाल लावा. बदली आधी निघाली तर स्कूटी आठवड्यातले तीन दिवस घरी ठेवता येते का बघा. दोन्ही एकाच महिन्यात आल्या तर काम जरा जास्त.

नोंद दिवाळीच्या तोंडावर सुरू करू नका, भाऊबीज होऊ द्या. आणि त्या गोळीचं नाव तेवढं कळवा, पाकिटावर मागच्या बाजूला बारीक अक्षरात असतं ते.